पायउतार झालेल्यांच्या बागा

जपानमधल्या क्योतो शहरातल्या देमाचियानागी स्थानकातून सुटणारी एइझान मार्गाची गाडी एकाच डब्याची होती. मे महिना संपत आला होता, सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि डब्यात शाळेची चार मुले, भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या दोन वृद्ध बाया आणि आम्ही तिघे एवढेच होतो: मी, माझी पत्नी आणि नोकरीनिमित्त गेली चार वर्षे ओसाकात राहणारी आमची लेक. गाडी घरांच्या परसांना इतकी लगटून जात होती की दोरीवर वाळत घातलेले कपडे हात बाहेर काढला तर लागतील असे वाटावे. तिसऱ्या थांब्यावर, इचिजोजीला, आम्ही उतरलो. इचिजोजी हे मुळात एका मंदिराचे नाव. ते मंदिर मध्ययुगातल्या लढायांत नाहीसे झाले आणि नाव तेवढे वस्तीला चिकटून राहिले. आज ते क्योतोचे ईशान्येकडचे एक शांत उपनगर आहे. पश्चिमेला रेल्वे, पूर्वेला हिएई डोंगराची सोंड, मधे चढत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, दाराशी कुंड्या मांडलेली बुटकी घरे आणि अधूनमधून चिमूटभर शेती.

लेकीने आखलेला बेत साधा होता. डोंगराच्या पायथ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जायचे, वाटेतली चार मंदिरे पाहायची, आणि दुपारी दीड वाजता शुगाकुइनच्या राजउद्यानात हजर व्हायचे, कारण तिथला प्रवेश आधी नावे नोंदवून ठरलेल्या वेळीच मिळतो. सारे अंतर काही फार नव्हते. तिच्या मनात आणखी एक हेतू होता, तो तिने आईला सांगितला होता आणि आईने मला. बाबांना कामावाचून करमत नाही, त्यांना एखादा दिवस नुसते बसता आले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

ते खरे होते. मी 58 व्या वर्षी सेवानिवृत्त झालो त्याला तेव्हा सात महिने झाले होते. त्याआधीची 34 वर्षे मी मातीच्या धरणांवर काढली. काही बांधताना पाहिली, बहुतेकांची देखभाल केली. मे महिन्याची अखेर म्हणजे आमच्याकडे पावसाळापूर्व तपासणीचे दिवस. उन्हात धरणाच्या माथ्यावरून चालत जायचे, उतारावरची वेडी बाभूळ आणि घाणेरी काढली की नाही ते पाहायचे, पायथ्याशी कुठे ओल दिसते का ते शोधायचे, दरवाजे चालवून बघायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच मेच्या अखेरीस माझ्या पायाखाली धरण नव्हते. गावी, लग्नाकार्यात, बँकेच्या रांगेत, जो भेटेल तो एकच विचारत होता, "मग, आता वेळ कसा घालवता?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पण वेळ ही आता घालवण्याचीच गोष्ट उरली आहे, असे त्या शब्दांतून माझ्या मनात उतरत गेले, आणि ते मला आत कुठेतरी खुपत होते.

पहिले मंदिर कोन्पुकुजी. पायऱ्या चढून गेल्यावर एक लहानसे अंगण, पांढऱ्या वाळूवर ओढलेल्या रेघा, कडेला कातरून गोल केलेली अझेलियाची झुडपे, आणि त्यांच्यावर, चढावर, गवताने शाकारलेली एक झोपडी. त्या झोपडीचे नाव बाशो-आन. हायकूचा थोर कवी मात्सुओ बाशो इथल्या एका भिक्षूकडे येत असे, अशी आठवण या जागेशी जोडलेली आहे. बाशो 1694 मध्ये वारला. झोपडी पुढे मोडकळीस आली, आणि 1776 मध्ये ती पुन्हा उभी करण्याचा संकल्प केला तो योसा बुसोन या दुसऱ्या मोठ्या कवीने. बुसोनचा जन्म 1716 चा, म्हणजे बाशो जाऊन बावीस वर्षे झाल्यावरचा. ज्याला कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा कवीची झोपडी त्याने साठीत, आपल्या सोबत्यांना घेऊन, पुन्हा उभी केली, आणि मरणानंतर आपल्यालाही तिथेच ठेवावे अशी इच्छा धरली. तशी ती पूर्णही झाली. झोपडीच्या वरच्या अंगाला, झाडांच्या सावलीत, त्याची समाधी आहे.

माझी पत्नी शाळेत मराठी शिकवत असे. हायकू तिच्यापर्यंत शिरीष पै यांच्या मराठी हायकूंतून पोहोचला होता, आणि तीन ओळींत मावणारा तो एकच क्षण वर्गात मुलांना समजावून सांगताना तिचा चेहरा कसा उजळत असे, हे मी शाळेच्या संमेलनात एकदा पाहिले होते. ती समाधीपाशी बराच वेळ उभी राहिली. खाली शहर पसरले होते आणि त्याचा आवाज इथवर पोहोचत नव्हता. तिने पायातले बूट काढून बाजूला ठेवले, तशी तिथे रीत नसतानाही, आणि हात जोडले. आमच्या मागून चढून आलेल्या एका जपानी बाईंनी ते पाहिले आणि त्या थोडा वेळ खालच्याच पायरीवर थांबल्या. आमचे आटोपल्यावरच त्या वर आल्या.

कोन्पुकुजीहून शिसेन्दो पाच-सात मिनिटांवर आहे. वाटेत एक पाइन वृक्ष लागतो. मियामोतो मुसाशी या तलवारबहाद्दराची प्रसिद्ध झुंज त्याच्यापाशी झाली असे सांगतात. मूळ झाड आता नाही, त्याच्या वारसांपैकी एक तिथे उभे आहे. आम्ही त्याच्याकडे पाहिले आणि पुढे निघालो, कारण चढाच्या टोकाशी शिसेन्दोचे लहानसे फाटक दिसू लागले होते. बांबूच्या दाटीतून दगडी पायऱ्या, एक वळण, पुन्हा पायऱ्या, आणि मग एकदम वाळूचे स्वच्छ अंगण. बूट काढून आत गेलो. आतल्या खोलीला तीन बाजूंनी भिंतच नसावी अशी ती बागेकडे उघडी होती. खोलीच्या कडेने जी लाकडी पट्टी जाते तिला आपल्याकडे ओसरी म्हटले असते. तिथे आम्ही बसलो.

समोर पांढरी वाळू. वाळूच्या पलीकडे अझेलियाच्या झुडपांचे गोल, एकात एक मिसळलेले, टेकड्यांच्या रांगेसारखे. त्यांवर गुलाबी फुले नुकती उमलू लागलेली. पलीकडे उतार, आणि उताराच्या खाली न दिसणारा बागेचा दुसरा टप्पा. त्यामागे झाडे आणि डोंगर. सगळे हिरवे होते, पण एकही हिरवा दुसऱ्यासारखा नव्हता. आणि मग खालून, झाडीतून, आवाज आला: टक्. दगडावर बांबू आपटल्याचा, पोकळ, कोरडा, एकच ठोका. त्यानंतर पुन्हा शांतता. मी सवयीने घड्याळाकडे पाहिले. पुढचा ठोका पाऊण मिनिटाने पडला, त्यापुढचा जवळजवळ मिनिटाने.

लेक म्हणाली, "बाबा, खाली जाऊन बघा, तुम्हाला आवडेल."

खाली उतरलो तेव्हा कळले की तिला नेमके काय म्हणायचे होते. डोंगरातून आलेले पाणी आधी एका लहान धबधब्यातून पडते. अज्ञान धुऊन टाकणारा धबधबा असे त्याचे नाव आहे. मग ते बारीक ओहळ होऊन वाहते. त्या ओहळाचे पाणी एका आडव्या बांबूत येते. बांबू मधोमध आसावर टेकवलेला, एक तोंड तिरके कापलेले आणि उघडे, दुसरे बंद. रिकामा असताना बंद टोक जड, म्हणून ते दगडावर टेकलेले. उघड्या टोकात पाणी भरत जाते, एका क्षणी तोल बदलतो, बांबू पुढे झुकतो, पाणी एकदम सांडते, आणि हलके झालेले टोक वर उसळून मागचे टोक दगडावर आपटते. टक्. ओहळाला पाणी जास्त तर ठोके लवकर, पाणी कमी तर उशिरा. म्हणजे बागेत बसलेल्या माणसाला न उठता डोंगरातल्या पाण्याचा अंदाज येतो. मी आयुष्यभर पातळीदर्शक पट्ट्या आणि प्रवाहमापक यंत्रे वापरली. कानाने वाचायचे मापक मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याचा मूळ उपयोग मात्र वेगळा आहे. रानडुकरे आणि हरणे बागेत शिरून नासधूस करू नयेत म्हणून हा ठोका. आपल्याकडे शेतात बुजगावणे उभारतात, माळ्यावर बसून डबा बडवतात, त्याच्याच कुळातली ही वस्तू. पीक राखण्याचा आवाज इथे ऐकण्याचा आवाज झाला आहे. हा उपाय या घराच्या मालकाने बागेत आणला, असे सांगतात.

घराचा मालक इशिकावा जोझान. वर येऊन पुन्हा ओसरीवर बसल्यावर लेकीने तिथल्या पत्रकावरून त्याची हकीकत वाचून दाखवली. जन्म 1583, मिकावा प्रांतातला, घराणे तोकुगावांच्या, म्हणजे पुढे शोगुन (सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणारे सेनापती) झालेल्या घराण्याच्या, चाकरीतले. तरुणपणीच तो तोकुगावा इएयासूच्या जवळच्या लोकांत गेला. 1615 च्या उन्हाळ्यात ओसाकाच्या किल्ल्यावरची अखेरची लढाई झाली. कोणी एकट्याने पुढे घुसायचे नाही अशी सक्त ताकीद असताना हा पुढे घुसला. शौर्य गाजवले, शत्रू मारला, आणि आज्ञाभंगाबद्दल इएयासूच्या मर्जीतून उतरला. त्याने केस उतरवले, चाकरी सोडली, आणि तो अभ्यासाकडे वळला. पुढे वृद्ध आईच्या पोटापाण्यासाठी हिरोशिमाच्या आसानो घराण्यात बारा-तेरा वर्षे नोकरी केली. आई गेली तसा तोही तिथून निघाला. आणि 1641 मध्ये इचिजोजीच्या या उंचसखल जागेवर त्याने हे घर बांधले. घराच्या आतल्या खोलीत छताखाली छत्तीस चिनी कवींची चित्रे आहेत. ती कानो तान्यू या नामांकित चित्रकाराकडून काढून घेतलेली, आणि प्रत्येक चित्रावर त्या कवीची कविता जोझानने स्वतःच्या हाताने लिहिलेली. कोणते कवी घ्यायचे याचा खल त्याने हायाशी राझान या विद्वान मित्राबरोबर केला. त्या कवींवरूनच घराला शिसेन्दो, म्हणजे काव्यसिद्धांचे घर, असे नाव पडले. जोझान 1672 मध्ये वारला, तोवर हेच त्याचे घर होते.

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. 1583 आणि 1641. अठ्ठावन्न. महाराष्ट्रात ज्या वयाला बहुतेक सरकारी नोकर खुर्ची सोडतात, नेमक्या त्या वयाला या माणसाने या बागेचा पहिला दगड बसवला, आणि त्यानंतर एकतीस वर्षे तो इथे जगला. मी पत्नीला ते सांगितले. तीही माझ्याआधी दोन वर्षे अठ्ठावन्नाव्या वर्षीच शाळेतून निवृत्त झाली होती. तिने आकडा ऐकला, समोरच्या झुडपांकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे ही झाडे त्याने लावली तेव्हा एवढी वाढलेली आपण बघू, असे त्याला वाटले असेल का?" त्यावर मी काही बोललो नाही. ठोका पडला. आम्ही तिथे सव्वा तास बसलो. इतका वेळ हातात कागद किंवा फोन न घेता मी याआधी कधी बसलो होतो ते मला आठवेना.

लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे दुपारी उपयोगी पडली. राजपद सोडलेल्या गो-मिझुनो या सम्राटाला जोझानला भेटायची इच्छा होती, त्याने बोलावणे धाडले. भेटायला जायचे तर कामो नदी ओलांडून शहरात जावे लागणार. जोझानने उत्तरादाखल एक कविता पाठवली, असे सांगतात. तिचा आशय असा: ओढा उथळ असला तरी मी तो ओलांडणार नाही, पाण्याच्या लाटांत माझ्या वार्धक्याच्या लाटाही उमटतील, त्या प्रतिबिंबाचा मला संकोच वाटतो. नकाराला इतके आर्जवी रूप देता येते, आणि तरी तो नकारच राहतो. मर्जीतून उतरण्याचा अनुभव ज्याने एकदा घेतला, त्याला पुन्हा कोणाच्या मर्जीत बसायचे नव्हते, असा मी त्याचा अर्थ लावला.

तिसरे मंदिर एन्कोजी. इएयासूने 1601 मध्ये शाळा म्हणून फुशिमीला ते सुरू केले, ते 1667 मध्ये इथे आले. तिथे लाकडी सुट्या खिळ्यांनी, म्हणजे अक्षरांच्या ठशांनी, ग्रंथ छापले जात, आणि ते सुमारे 50,000 खिळे आजही मंदिराकडे जपलेले आहेत. बाग मोठी आहे, मेपलच्या झाडांनी भरलेली. मेच्या कोवळ्या पानांतून गाळून आलेला उजेड खालच्या शेवाळ्यावर पडला होता. पण मला तिथले एकच ठिकाण सांगायचे आहे. दगडी कुंडाशेजारी जमिनीतून एक बांबूची नळी तिरकी वर आलेली आहे. नळीला कान लावायचा. आत, जमिनीखाली, एक मातीचा रांजण उपडा पुरलेला असतो, त्याच्या बुडाला लहान भोक असते, आणि कुंडातून ओघळलेले पाणी त्या भोकातून थेंब थेंब रांजणात पडते. तळाशी थोडे पाणी साठलेले असते, त्यावर थेंब पडला की रांजणाची पोकळी घुमते. आवाज तारांच्या वाद्यासारखा येतो, खूप दुरून, स्वच्छ, एकेक सुटा. माझ्या पत्नीने कान लावला आणि डोळे मिटले. उठल्यावर ती म्हणाली की तिला माहेरच्या महादेवाची आठवण झाली. श्रावणातल्या सोमवारी पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून थेंब पडत, गाभारा अंधारा असे, आणि आजीच्या कुशीत बसून ती तो आवाज मोजत असे. किती मोजायची, ते मात्र तिला सांगता येईना.

दशम्या आणि चटणी बरोबर बांधून घेतली होती. मंदिरांच्या आवारात खाणे योग्य नव्हे, म्हणून रस्त्याकडेच्या लहान मुलांच्या बागेत बाकावर बसून आम्ही जेवलो. मान्शुइन हे मोठे मानाचे मंदिर, राजघराण्यातले पुरुष जिथे मठाधिपती होत त्यांतले. 1656 मध्ये ते आताच्या जागी आले. तिथली कोरडी बाग, तिच्यातला करकोच्याच्या आकाराचा म्हणून ओळखला जाणारा जुना पाइन, सोनेरी पडदे, सारे सुंदर होते. पण दीडची वेळ जवळ आली होती आणि माझे मन अजून शिसेन्दोच्या ओसरीवर होते. घाईत पाहिलेल्या जागेबद्दल लिहू नये, म्हणून मी इथेच थांबतो.

शुगाकुइनचे राजउद्यान सुमारे 54 हेक्टरांवर पसरलेले आहे आणि त्याचे तीन भाग आहेत: खालचा, मधला आणि वरचा. वाटाड्याबरोबर गटाने चालायचे, तीन किलोमीटर, दीड तासाच्या आत. हे उद्यान ज्याने घडवले तो हाच गो-मिझुनो. 1611 मध्ये पोरवयात तो गादीवर आला. तोकुगावांनी 1615 मध्ये दरबारासाठी नियम घालून दिले. सम्राटाने सर्वप्रथम विद्याभ्यास करावा असे त्यांत होते. राज्य कोणी करायचे ते त्यातच सांगून झाले होते. पुढे जुन्या प्रथेप्रमाणे त्याने मठाधिपतींना मानाची जांभळी वस्त्रे बहाल केली, ती शोगुनाच्या सरकारने 1627 मध्ये रद्द ठरवली, विरोध करणाऱ्या भिक्षूंना 1629 मध्ये हद्दपार केले. त्याच वर्षी सम्राटाने, शोगुनाला आधी न कळवता, गादी सोडली आणि ती आपल्या लहान मुलीला दिली. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. जोझानने चाकरी सोडली तेव्हा तोही बत्तीसच वर्षांचा. आणि 1655 च्या सुमारास शुगाकुइनचे काम सुरू झाले तेव्हा हा माजी सम्राट साठीला टेकला होता. मला ती जुळणी इतकी लख्ख दिसली की मी वाटेतच थांबलो आणि मागून येणाऱ्या रक्षकाने हाताने नम्रपणे पुढे चला म्हणून खुणावले. एकाच पायथ्याशी, चालत जाण्याच्या अंतरावर, तारुण्यात पायउतार झालेल्या दोन माणसांनी, साठीच्या उंबरठ्यावर, या बागा उभ्या केल्या. एकाकडे छत्तीस चित्रे टांगण्यापुरती भिंत होती, दुसऱ्याकडे अख्खा डोंगरउतार.

मधल्या भागात देवदारासारख्या लाकडाच्या दारांवर मोठे मासे रंगवलेले आहेत आणि त्यांवर सोनेरी जाळे. मासे रात्री दारातून निघून तळ्यात जात, म्हणून नंतर कोणीतरी जाळे रंगवले, अशी कथा आहे. पत्नीने जाळ्याचा तुटलेला धागा दाखवला. चित्रकाराने तो मुद्दाम तुटलेला रंगवला होता.

तिथून वरच्या भागाकडे जाणारी वाट भाताच्या खाचरांमधून जाते. ही शेती शोभेची नव्हे. उद्यानाच्या आसपासची सुमारे 8 हेक्टर जमीन 1964 मध्ये सरकारी खात्याने विकत घेतली, भोवताली घरे उठून दृश्य बिघडू नये म्हणून, आणि ती गावच्याच शेतकऱ्यांना कसायला दिली. खाचरांत पाणी भरले होते आणि काही ठिकाणी रोपे लावून झाली होती. राजाच्या बागेत चिखलाचा वास येत होता, आणि तो मला ओळखीचा होता.

वरच्या भागाच्या दारातून आत गेले की दोन्ही बाजूंना डोक्याच्यावर उंच कुंपणे लागतात, कातरलेली, भिंतीसारखी. त्यांतून दगडी पायऱ्या चढत जातात. काहीही दिसत नाही, पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. आणि मग माथा येतो. तिथे रिन्उन्-तेई नावाचे घर आहे, मेघाच्या शेजारचे घर. त्याच्या पुढ्यात उभे राहून मागे वळलो आणि सगळे एकदम समोर आले: खाली मोठे तळे, तळ्यात बेटे आणि पूल, तळ्यापलीकडे झाडांचा माथा, त्यापलीकडे क्योतोचे शहर आणि शेवटी एकामागे एक डोंगरांच्या निळ्या रांगा. लपवून ठेवून अचानक देण्याची ही युक्ती मला नंतर कळली. त्या क्षणी फक्त श्वास अडकला.

त्या घराच्या वळचणीखाली मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटेल असे काहीतरी होते. जमीन चोपून घट्ट केलेली होती आणि तिच्यात लहान खडे दाबून बसवले होते, तांबडे आणि काळे: कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. त्या रचनेला एक-दोन-तीनचे दगड असेच म्हणतात. मी खाली वाकून पाहिले. खड्यांचे पृष्ठ जमिनीशी तंतोतंत एका पातळीत होते. कडेला माती खचलेली नव्हती, चीर नव्हती. आमच्याकडे धरणाच्या भरावासाठी माती चोपताना ओलावा नेमका किती हवा यावर आम्ही दिवसच्या दिवस घालवतो. ज्या हातांनी हे खडे बसवले त्यांना ओलाव्याचे ते गणित बोटांनी येत असणार. घर स्वतः अगदी साधे होते, भिंतीत शोभेचा कोनाडा नाही, फळ्या नाहीत. बाहेर पाहायचे असेल तर आत पाहण्यासारखे काही ठेवू नये, असे ते घर बांधणाऱ्याला वाटले असावे.

तळ्याच्या काठाने वळसा घेऊन आम्ही पश्चिमेच्या बाजूला आलो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झुडपांचा कातरलेला माथा, आणि मधून सरळ, सपाट वाट. दहा-बारा पावले चाललो आणि माझ्या पायांना कळले. लेकीला म्हणालो, "हे धरण आहे." तिने वाटाड्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला की होय, डोंगरातले पाणी अडवून तळे केले आहे, आपण बांधाच्या माथ्यावरूनच चालत आहोत, बांध सुमारे 200 मीटर लांब आहे. बाहेरच्या अंगाला दगडी भिंतींचे टप्पे आहेत आणि ते उघडे दिसू नयेत म्हणून सगळा उतार कितीतरी प्रकारच्या झुडपांनी झाकून, ती एकत्र कातरून, एकच हिरवी लाट केली आहे.

मेची अखेर होती, आणि मी एका मातीच्या धरणाच्या माथ्यावर उभा होतो. नजर आपोआप बाहेरच्या उताराकडे गेली, कुठे ओल आहे का, कुठे खचले आहे का. आमच्या नियमात धरणाच्या उतारावर झाड वाढू देणे हा दोष. मुळे आत शिरतात, मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी आम्ही उतार साफ करून घेत असू. इथे तर साडेतीनशे वर्षांहून जुना बांध पायापासून माथ्यापर्यंत झुडपांनी पांघरलेला. मी वाटाड्याला लेकीकरवी विचारत राहिलो: कातरणी केव्हा होते, मुळे खोल जाऊ नयेत म्हणून काय करतात, सांडवा कुठे आहे. त्याला सगळ्याचे उत्तर ठाऊक नव्हते, पण माणसे उतारावर चढून हाताने कातरतात, वर्षानुवर्षे, एवढे त्याने सांगितले. मग गट पुढे निघाला. मी शेवटी राहिलो, रक्षकाच्या दोन पावले पुढे, आणि दोनशे मीटर हळू चालत गेलो. माथा कुठे बसलेला नव्हता. कुठेही नाही. माजी सम्राट मातीचे नमुने करून दगड आणि झाडे कुठे येतील ते ठरवत असे, आणि काम चालू असताना वेष पालटून पालखीतून पाहायला येत असे, अशी आख्यायिका आहे. त्या बांधावरून चालल्यावर ती मला खरी मानावीशी वाटते. इतका सरळ माथा दुरून हुकूम सोडून राहत नाही.

गो-मिझुनो 1680 मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. दर भेटीत तो या वाटेने चालला असेल. सत्ता गेल्यावर त्याने बांधलेली ही सर्वांत मोठी वस्तू, आणि ती पाणी अडवण्याची आहे, हे मी पत्नीला सांगितले तेव्हा माझा आवाज थोडा भरून आला असावा, कारण तिने काही न बोलता माझा हात धरला.

बाहेर पडून शुगाकुइन स्थानकाकडे उतरताना रस्त्याच्या कडेने एक सिमेंटचा पाट खळखळत होता. घरांच्या मधे उरलेल्या एका लहान खाचरापाशी एक वृद्ध शेतकरी उभा होता, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात आखूड दांड्याचे फावडे. त्याने पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी काढली, पाणी खाचरात वळले, आणि तो बांधाबांधाने पाण्याबरोबर चालत गेला. एका ठिकाणी बांध पाझरत होता, तिथे त्याने चिखलाचा एक लगदा दाबून बसवला, टाचेने दोनदा चोपला. तो दारे धरत होता. लेक म्हणाली, गाडी दहा मिनिटांत आहे, नाहीतर पुढची घेऊ. आम्ही पुढची घेतली.